कर्मवीरांचे मूठभर धान्य आणि आपल्या मुलांची फी

३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला खास अधिकार वापरला आणि उत्तर प्रदेशातील अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याला धनबादच्या आयआयटीत प्रवेश देण्याचा आदेश दिला. जागा त्या मुलाने परीक्षा देऊन मिळवली होती. वडील रोजंदारीवर काम करणारे. जागा पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत भरायचे होते. गावकऱ्यांनी धावपळ करून पैसे जमवून दिले. पण ते हातात पडेपर्यंत पाच वाजत आले होते, आणि पैसे भरण्याआधीच संकेतस्थळ बंद झाले. मग अनुसूचित जाती आयोग, विधी सेवा प्राधिकरण, मद्रास उच्च न्यायालय असे तीन महिने हेलपाटे झाले आणि शेवटी प्रकरण दिल्लीला गेले.

वकील म्हणून मला या निकालाचा आनंद झाला, हे सांगायला संकोच कशाला? पण या प्रकरणातली एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. पैसे गावाने दिले. म्हणजे गावाची ऐपतही होती आणि दानतही होती. फक्त ते पैसे आधीपासून एका ठिकाणी साठवलेले नव्हते. दारोदार फिरून गोळा करण्यात जे दोन-चार तास गेले, त्यांनी घात केला. आपल्या वस्त्यांमध्ये दर जून-जुलैमध्ये असे किती मुलगे आणि किती मुली पाच वाजायच्या आत पैसे न जमल्याने मागे राहतात, त्यांची नोंद कुठल्याही कोर्टात होत नाही.

समाजाचा पैसा आधीच साठवून ठेवायचा आणि तो गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी वेळेवर उभा करायचा, हे काम या महाराष्ट्रात एका माणसाने चाळीस वर्षे केले. तो स्वतः मॅट्रिकही नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांचे नाव. दरवर्षी ९ मे आणि २२ सप्टेंबरला त्यांच्या पुतळ्यांना हार पडतात, रयतच्या शाळांत भाषणे होतात. पण त्यांनी पैसा उभा कसा केला, यावर त्या भाषणांत फारसे कोणी बोलत नाही. आपल्याला आज गरज आहे ती नेमकी त्या हिशेबाची.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. घराणे जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. म्हणजे घरची उपासमार नव्हती आणि अस्पृश्यतेचा चटकाही त्यांना जन्माने बसलेला नव्हता. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कुलात जाऊ लागले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. १९०१ पासून महाराजांनी एकेका जातीसाठी वसतिगृहे उभी करण्याचा धडाका लावला होता. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर आधी त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण पाहिजे, शाळेची फी त्यानंतर येते, ही साधी गोष्ट त्या राजाला कळली होती.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला तरुण भाऊराव गेले होते. परत आल्यावर बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी आंघोळ करूनच जेवायला बसण्याचे फर्मान काढले. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. व्यवस्थापक होते अण्णासाहेब लठ्ठे. शिकलेले, सुधारक म्हणून नाव असलेले गृहस्थ. सुधारकाच्या बोर्डिंगमध्येही विटाळाची बादली भरून ठेवलेली होती, हे लक्षात घ्यावे. डोक्यावरचे छप्पर गेले की विद्यार्थ्याचे काय होते, ते भाऊरावांनी त्या दिवशी स्वतः भोगले. शाळेचे शिक्षण पुढे इंग्रजी सहावीपर्यंतच गेले.

त्याच सुमाराची एक हकिकत सांगितली जाते. एका शाळेत वर्गाच्या बाहेर बसवलेला एक अस्पृश्य मुलगा भाऊरावांच्या नजरेस पडला. त्याला त्यांनी सोबत घेतले, घरी आणले, जेवू घातले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन दाखल केले. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. हेच घोलप पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले आणि बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर मूकनायकचे संपादकपद त्यांनी सांभाळले. आपल्या चळवळीच्या पहिल्या पत्राचा एक संपादक अशा रीतीने एका जैन तरुणाच्या हाताला धरून शाळेत गेला.

१९१० च्या सुमारास भाऊरावांनी काही मित्रांबरोबर दुधगाव येथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. हा त्यांचा पहिला प्रयोग. साताऱ्यात काही वर्षे ते खासगी शिकवण्या घेत, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. स्वतः मॅट्रिक न झालेला हा माणूस इतरांच्या मुलांना मॅट्रिकच्या परीक्षेला बसवत होता.

मग आले डांबर प्रकरण. १९१४ मध्ये कोल्हापुरात सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संशय लठ्ठ्यांवर घ्यायचा होता आणि त्यासाठी साक्षीदार पाहिजे होता. ज्या लठ्ठ्यांनी भाऊरावांना बोर्डिंगमधून घालवले, त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून संस्थानच्या पोलिसांनी भाऊरावांचा छळ केला. सूड उगवायला याहून सोपी संधी ती कोणती? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगात टाकले, छळ असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. कोर्टात रोज साक्षीदार फिरताना पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. आणि ज्या संस्थानच्या कोठडीत त्यांनी मार खाल्ला, त्याच संस्थानच्या शाहू महाराजांचे नाव त्यांनी पुढे आपल्या वसतिगृहाला दिले. राजाच्या नोकरांनी केलेला अन्याय वेगळा आणि राजाने बहुजनांसाठी केलेले काम वेगळे, एवढा विवेक त्यांच्याजवळ होता.

सुटकेनंतर पोटासाठी त्यांनी फिरतीची नोकरी धरली. काही काळ ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्यात कारखाना उभा करण्यात त्यांचा हात होता. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखान्याच्या नफ्यातला वाटा शिक्षणाला मिळावा, ही भाऊरावांची अपेक्षा पुरी झाली नाही आणि ते बाहेर पडले. श्रीमंताच्या नफ्यावर गरिबाची शाळा चालत नाही, हा धडा त्यांना तिथे मिळाला असावा. पण नांगर विकण्याच्या निमित्ताने सातारा-सांगली भागातले गाव आणि गाव त्यांच्या पायाखालून गेले. कोणत्या गावात कोण पाटील, कोणाच्या घरी धान्याची कणगी भरलेली असते, कोणाचा पोरगा हुशार आहे आणि गुरे राखतो, हे सगळे त्यांना माहीत झाले. पुढे याच माणसांकडे ते हात पसरायला गेले, आणि त्या वेळी कोणालाही त्यांची ओळख करून द्यावी लागली नाही.

४ ऑक्टोबर १९१९, दसऱ्याच्या दिवशी, कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे कार्यकर्ते होते आणि रयत हे नावच त्यांचा पक्ष सांगते. काले, नेर्ले अशा गावांत वसतिगृहे निघाली. १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले आणि ते पुढे धनिणीच्या बागेत नांदले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला.

या बोर्डिंगचा हिशेब समजून घेतला पाहिजे. भाऊरावांच्या हाती रोख पैसा फारच थोडा होता. ज्यांच्याकडे मदत मागायची त्या शेतकऱ्यांच्या हातीही रोख पैसा नव्हता. पण धान्य होते. म्हणून भाऊरावांनी लोकांकडे नसलेली वस्तू मागितलीच नाही. घरोघरच्या बायांनी रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवायची, ती साठली की बोर्डिंगची मुले येऊन घेऊन जायची. याला मुष्टी फंड म्हणत. मूठभर ज्वारीने कोणाचे घर बुडत नाही. पण शेकडो घरांची मूठ एकत्र आली की दोनशे पोरांची पंगत उठते. सुगीच्या दिवसांत शेतकरी खळ्यावरच धान्य देत. देणारी बाई स्वतः निरक्षर असेल, तिच्या घरातला कोणी शाळेत गेलेला नसेल, तरी बोर्डिंगमध्ये शिकणारी पोरे आपल्या मुठीवर जगतात, हे तिला माहीत असे. एका सावकाराच्या देणगीवर चालणारी संस्था सावकाराची मिंधी होते. हजार मुठींवर चालणाऱ्या संस्थेला मालक नसतो.

बाकीची भर मुलांच्या श्रमाने पडे. स्वयंपाक मुलेच करीत, पाणी भरीत, शेतात राबत, विहिरी खणत, रस्त्याच्या कामावर जात. आणि एका पंगतीला मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण सगळे बसत. १९२४ साल लक्षात घ्या. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून तीन वर्षे होती. ज्या साताऱ्यात भीमरावांना वर्गात वेगळे बसावे लागले, जिथल्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव लागले, त्याच साताऱ्यात ही पंगत बसत होती.

या पंगतीची सर्वांत मोठी किंमत एका बाईने मोजली. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील या जैन संस्कारांत वाढलेल्या, सोवळेओवळे पाळणाऱ्या. अस्पृश्यांची मुले घरात, चुलीपाशी वावरणे त्यांना सुरुवातीला जड गेले. पण त्याच बाई पुढे या पोरांच्या आई झाल्या. बोर्डिंगमधले धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना सराफाकडे जाई. दागिने संपले. एका सणाच्या वेळी पोरे उपाशी राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे त्या काळच्या बाईने काय केले, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतचा इतिहास सांगताना कर्मवीरांचे नाव दहा वेळा घेतले जाते आणि लक्ष्मीबाईंचे एकदा. हा अन्याय आहे. आपणही रमाईंच्या बाबतीत अनेक वर्षे हेच केले.

१९३२ मध्ये पुणे कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. पुणे कराराबद्दल आपले मत काय आहे ते या दैनिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांना कोणत्या दबावाखाली त्यावर सही करावी लागली, ते सर्वांना ठाऊक आहे. भाऊराव गांधीजींना मानत. गांधीजींच्या खुनानंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्पही त्यांनी केला. हा मतभेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण इतरांनी त्या कराराच्या नावाने भाषणे केली, भाऊरावांनी त्याच्या नावाने स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांना एका छताखाली आणले, हा फरकही मान्य केला पाहिजे.

पुढची वर्षे वेगाने सांगतो. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज निघाले. गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, तिथे फी नव्हती.

आणि जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तोपर्यंत खेड्यातला पोरगा मॅट्रिक झाला की त्याची वाट संपत असे. कॉलेज म्हणजे पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई, आणि तिथला खर्च म्हणजे बापाची जमीन गहाण. भाऊरावांनी कॉलेजच पोराच्या गावाजवळ आणले आणि कमवा व शिका ही योजना सुरू केली. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने संस्थेच्या शेतात, बांधकामावर काम करायचे आणि त्या मजुरीतून शिकायचे. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला त्याच्या घरातले नाव द्यावे. भाऊरावांनी देणगी सोडली, शिवाजी महाराजांचे नाव सोडले नाही.

इथे एक शंका मनात येते, ती बोलून टाकतो. श्रमाची थोरवी ऐकली की आपल्या समाजाचे कान टवकारतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या फुकट राबून गावे उभी केली, त्यांना कोणी श्रमप्रतिष्ठा दिली नाही. गरिबाच्या मुलाने खडी फोडून शिकावे आणि श्रीमंताच्या मुलाने नुसते शिकावे, ही समता कशी? प्रश्न खरा आहे. मात्र भाऊरावांच्या संस्थेत कुदळ जात पाहून दिली जात नव्हती. पाटलाचा पोरगा आणि महाराचा पोरगा एकाच खड्ड्यात उतरत होते, आणि मजुरी त्यांच्याच शिक्षणावर खर्च होत होती. वेठबिगारीत आणि यात एवढे अंतर आहे. तरीही आज कोणी अनुदान कापण्यासाठी कमवा व शिकाचा दाखला देऊ लागला, तर त्याला भाऊरावांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

कारण अनुदान कापले की काय होते, ते भाऊरावांनी स्वतः अनुभवले. स्वातंत्र्य मिळाले आणि बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने रयतचे अनुदान बंद केले. भाऊरावांनी सरकारवर केलेली टीका सत्ताधाऱ्यांना झोंबली होती. ज्या माणसाने गांधीजींच्या नावाने शाळा काढायचा संकल्प केला, त्याच्याच शाळा गांधीजींचे नाव घेणाऱ्या सरकारने उपाशी ठेवल्या. त्या दिवसांत संस्था तगली ती शिक्षकांनी अर्ध्या पोटी काम केल्यामुळे आणि गावांनी पुन्हा मुठी उघडल्यामुळे. गाडगेबाबांनी मुख्यमंत्र्यांकडे शब्द टाकला आणि नंतर अनुदान पुन्हा सुरू झाले. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या परिटाने शाळांसाठी मुख्यमंत्र्यांना साकडे घातले! पुढे १९५४ मध्ये कराडला जे कॉलेज निघाले, त्याला गाडगे महाराजांचे नाव आहे.

लक्ष्मीबाईंच्या नावाने संस्थेत एक निधी उभा राहिला. त्यातून गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी उसने पैसे मिळत. नोकरीला लागल्यावर ते परत करायचे, म्हणजे तोच पैसा पुढच्या पोराला मिळे. देणगी एकदा दिली की संपते. परतीच्या पैशाला मरण नसते. बोर्डिंगच्या पंगतीत वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्या कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज साताऱ्यात रयतचे कायद्याचे महाविद्यालय आहे, त्याला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे. जैनाने काढलेली संस्था, मुसलमानाचे नाव, आणि वर्गात सगळ्या जातींची मुले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला मिळालेली ही पहिली आणि शेवटची पदवी. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांचे शिक्षणही दुसऱ्याच्या मदतीवर झाले, हे आपण विसरता कामा नये. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळत होते. १९१३ मध्ये कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. पण राजाची मर्जी हा काही हक्क नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद सरकारकडून करून घेतली. १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. आणि तेवढ्यावर न थांबता १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. सरकारकडून हक्क आणि समाजाकडून संस्था, दोन्ही त्यांना हवे होते.

आपण यातला पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा निम्मा विसरलो. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे, त्यासाठी मोर्चे काढलेच पाहिजेत, रिट दाखल केलीच पाहिजे. पण शिष्यवृत्तीचे काम वरातीमागून घोडे असे चालते. मुलाला फी जुलैत भरायची असते आणि पैसे येतात पुढच्या वर्षी. मधल्या काळात खोलीचे भाडे, मेस, पुस्तके, परीक्षा फॉर्म हे थांबत नाही. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित कॉलेजांचे पीक आले आणि शिक्षणसम्राट नावाची नवी जात तयार झाली. त्यांच्या कॉलेजात शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून मुलाचा दाखला अडवून ठेवणे नेहमीचे झाले. मी स्वतः कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका कॉलेजने माझा परीक्षा फॉर्म असाच अडवला होता. रक्कम होती दोन हजार तीनशे. आईने बचत गटातून उसने आणून दिले, म्हणून मी आज काळा कोट घालतो. माझ्याबरोबरच्या दोघांना ते जमले नाही.

अशा वेळी वस्तीने, तालुक्याने उभा केलेला निधी काय करू शकतो? संपूर्ण शिक्षणाचा खर्च उचलणे त्याच्या आवाक्यातले नाही आणि त्याने तसे करूही नये, कारण तो खर्च सरकारचा आहे. त्याने फक्त मधली फट बुजवायची. जुलैत फी उसनी द्यायची, थेट कॉलेजच्या खात्यावर भरायची, शिष्यवृत्ती आली की मुलाने परत करायची. व्याज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून घ्यावी, बँकेत खाते उघडावे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा आणि तो विहाराच्या फलकावर लावावा. हे सांगतो, कारण आपल्या अनेक निधींचे मरण पैशाअभावी झालेले नाही, हिशेबाअभावी झाले आहे. वर्गणी जमते, अध्यक्षपदावरून दोन गट पडतात, पावतीपुस्तक एकाकडे आणि चावी दुसऱ्याकडे. अजून एक गोष्ट: कमिटीत निम्म्या बाया असाव्यात. आपल्या वस्त्यांतले बचत गट बायांनी चालवले, ते बुडाले नाहीत.

आणि हा निधी फक्त आपल्याच जातीच्या मुलांसाठी नको. शेजारच्या मातंग, चर्मकार, धनगर, मुसलमान घरातल्या पोराचीही फी त्यातून भरली जावी. याला काहीजणांचा विरोध असेल, आपलीच मुले उपाशी आहेत असे ते म्हणतील. म्हणू द्या. ज्ञानदेव घोलपांचा हात धरताना भाऊरावांनी जात विचारली असती, तर मूकनायकला एक संपादक कमी पडला असता.

जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेवर दर वर्षी लिहून झाले आहे, पुन्हा लिहीत नाही. फक्त एक हिशेब मांडतो. वस्तीत ३०० घरे असतील आणि प्रत्येक घराने महिन्याला ५० रुपये बाजूला काढले, तर वर्षाचे १ लाख ८० हजार होतात. १७,५०० रुपयांनी भागले तर दहा मुलांची जागा पक्की होऊन वर पाच हजार उरतात. पन्नास रुपये म्हणजे आजच्या बाजारात मूठभर धान्यच.

आमच्या विहारात दोन वर्षांपूर्वी अशी एक पेटी ठेवली आहे. रविवारी वंदनेनंतर ती उघडतो, सर्वांसमोर मोजतो आणि वहीत लिहितो. पहिल्या वर्षी ६१ घरे होती, आता १०४ आहेत. आतापर्यंत सात जणांना उसने दिले. पाच जणांनी परत केले. एका मुलीची शिष्यवृत्ती अजून अडकली आहे, तिचा अर्ज घेऊन मी येत्या मंगळवारी समाजकल्याण कार्यालयात जाणार आहे. सातवा मुलगा शिक्षण सोडून पुण्याला कुठे कामाला लागला आहे, त्याचे दोन हप्ते राहिले आहेत. ते वसूल करायचे की सोडायचे, यावर कमिटीत मतभेद आहेत. पुढच्या रविवारी त्याच्या आईला बोलावले आहे.